विश्लेषण : जुनी पद्मिनी ‘मिसिंग’ का मारते? तिची कंपनी उभी करणारे वालचंद हिराचंद कोण होते?

तासगाव, सांगली, मिरज या पट्ट्यात ‘वालचंद’ म्हटले की विश्रामबागचे इंजिनीअरिंग कॉलेज आठवते. दहावी-बारावीच्या मुलांच्या घरात हे नाव रोज निघते. पण ज्या माणसाचे हे नाव आहे, त्यानेच काढलेल्या कंपनीची गाडी एखाद्या जुन्या वाड्याच्या सोप्यात किंवा बेदाण्याच्या शेडच्या कडेला ताडपत्रीखाली उभी असते, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. जुन्या लोकांच्या तोंडी ‘फियाट’.

ही गाडी हौसेने बाहेर काढली की पहिली तक्रार ठरलेली असते. गाडी मिसिंग मारते. चढावर झटके देते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, गरम झाली की बंद पडते. प्लग बदलला की दोन दिवस बरी चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इंजिनच्या सिलिंडरमध्ये जाळ व्हायचा तर तीन गोष्टी एकाच क्षणी हजर लागतात : पेट्रोल-हवेचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि पुरेसे कॉम्प्रेशन. यातली एक चुकली तरी तो सिलिंडर रिकामा फिरतो. वालचंद यांच्या मोटार कारखान्याची गोष्टही जवळपास अशीच आहे. दोन गोष्टी जमायच्या आणि तिसरी निसटायची, असे तो कारखाना वर्षानुवर्षे रखडला.

सोलापूरचा ठेकेदार

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरचा. घराणे मूळचे गुजरातेतले, दिगंबर जैन, कापूस आणि सावकारी करणारे. शिक्षण सोलापूर, मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज असे झाले, पण पदवी हाती आली नाही. ज्यांच्या नावाने आज हजारो मुले इंजिनीअर होतात, ते स्वतः इंजिनीअर नव्हते.

घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत आलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारी केली. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून झाली. पुढे बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांसारखी मोठी कामे मिळाली आणि १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. मुंबई-पुणे रेल्वेने जाताना खंडाळ्याजवळ मोबाइलची रेंज ज्या बोगद्यांत जाते, त्यांच्यापैकी काही या मंडळींनी खोदलेले आहेत.

आधी जहाज

मोटारीच्या कितीतरी आधी त्यांनी जहाजाला हात घातला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी पहिल्या महायुद्धात इस्पितळ-जहाज म्हणून दिलेली एक बोट विक्रीला होती. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांसोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून वालचंद यांनी ती घेतली. ‘लॉयल्टी’ नावाची ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो तो याच प्रवासामुळे.

व्यवहार म्हणून पाहिले तर ‘लॉयल्टी’ फायद्याची ठरली नाही. बोट जुनी, दुरुस्तीचा खर्च मोठा. त्यात ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून नव्या कंपनीला बुडवायचा डाव टाकला. पण वालचंद यांना एक गोष्ट कळली : बिघाड बोटीत कमी आणि बोटीबाहेर जास्त आहे. माल कोणी कोणत्या बोटीत चढवायचा, किनाऱ्यावरची वाहतूक कोणाकडे, हे सगळे दुसरीकडे ठरते. त्यामुळे पुढची वर्षे त्यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याच्या मागणीसाठी खर्ची घातली.

मोटार कारखाना कुठे अडत होता?

१९३० च्या दशकात भारतात मोटारी होत्या, पण त्या इथे बनत नव्हत्या. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांचे मुंबईत जोडणी कारखाने होते. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे बोल्ट आवळले जायचे. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा सगळे बाहेरचे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच काळात संपूर्ण भारतीय मोटार कारखान्याची योजना मांडली होती आणि वालचंद तिच्यामागे उभे राहिले.

तंत्रज्ञान हवे म्हणून त्यांनी फोर्डचे दार ठोठावले. भारतातली बाजारपेठ फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होती. तिथे गाडे अडले. मग अमेरिकेतल्याच क्रायस्लरशी बोलणी झाली आणि करारही झाला. म्हणजे तंत्रज्ञान मिळाले. जागेसाठी आणि पैशासाठी म्हैसूर संस्थान तयार होते. गिऱ्हाईक होतेच. तरीही कारखाना सुरू होईना.

गॅरेजमधला जाणता मिस्त्री अशा वेळी एकेक प्लगची वायर काढून बघतो. वालचंद यांच्या बाबतीत सगळ्या वायरी तपासून झाल्यावर उरत होती ती एकच : दिल्लीतल्या सरकारची संमती. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. मोटार कारखान्याचा युद्धाला उपयोग नाही असे सरकारचे म्हणणे होते. यंत्रे आणायला डॉलर मिळणार नव्हते आणि म्हैसूरलाही पुढे पाऊल टाकू दिले गेले नाही. ज्या युद्धात ट्रक आणि जीपशिवाय सैन्य हलत नव्हते, त्या युद्धाला मोटार कारखाना निरुपयोगी, हे तेव्हाही अनेकांना पटले नव्हते.

या धडपडीत एक भलतेच काम मात्र झाले. १९३९ मध्ये मोटारीच्या बोलण्यांसाठी केलेल्या अमेरिका दौऱ्यातल्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी पडली. गप्पांतून विमान कारखान्याची कल्पना निघाली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बेंगळूरुला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. विमाने युद्धाला लागत होती, त्यामुळे इथे संमती आली. १९४२ मध्ये सरकारने कारखानाच ताब्यात घेतला. आजची एचएएल ती हीच. मोटार मागायला गेलेल्या माणसाच्या पदरात आधी विमान पडले.

त्याच सुमारास विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखानाही सुरू होत होता. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली.

कुर्ल्यातून पहिली गाडी

मोटारीचा नाद सुटला नव्हता. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली, कुर्ल्यात कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये क्रायस्लरच्या गाड्या व ट्रक तिथून बाहेर पडू लागले. तोवर बिर्लांची हिंदुस्तान मोटर्सही स्थापन झाली होती. सुरुवात जोडणीपासूनच झाली, पण हळूहळू इथले भाग वाढवत न्यायचे असे धोरण होते. मोठ्या अमेरिकी गाड्या भारतीय खिशाला आणि रस्त्याला परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून कंपनी इटलीच्या फियाटकडे वळली.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५३ मध्ये मोटार कंपन्यांना अट घातली : इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम द्या, नाहीतर बाहेर पडा. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. ज्या धोरणासाठी वालचंद वीस वर्षे झगडले, ते आले खरे, पण तेव्हा ते पाहण्याच्या स्थितीत नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, नंतर कारभारातून ते बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतल्या सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली ती पुढच्या वर्षी. धाकटे बंधू लालचंद यांनी पुढे कंपनी सांभाळली.

मग पद्मिनी मिसिंग का मारते?

त्या फियाटचेच पुढचे रूप १९६४ मध्ये आले. त्याला १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती बनत राहिली. स्पर्धा नाही, परवाना असलेल्या मोजक्याच कंपन्या आणि गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, मग बदल करायचा कशाला? संरक्षण मागणाऱ्या धोरणाची ही दुसरी बाजू. पण याचा एक फायदा असा झाला की १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे हे इंजिन तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही तोंडपाठ झाले. यात सेन्सर नाही, स्कॅनर लावायची सोय नाही. दोष हाताने आणि कानाने शोधावा लागतो.

आधी कोणता सिलिंडर मेला आहे ते ठरवायचे. इंजिन आयडलिंगवर ठेवून, इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने प्लगची एकेक वायर काढायची. वायर काढताच इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून बघायचा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. सरकला नाही तर प्लगवर पैसे घालून उपयोग नाही.

काढलेला प्लगही बोलतो. फिकट तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला आणि तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या वाटेने ऑइल वर येते आहे. पांढरट प्लग म्हणजे मिश्रणात हवा जास्त. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटकडे बघावे. कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलचा दांडा झिजला असेल तरी हवा आत शिरते.

चारही सिलिंडर आळीपाळीने, कधीही चुकत असतील तर दोष सामाईक जागी असतो आणि जास्त चाललेल्या गाडीत तो बहुधा डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडतो. त्यातले पॉइंट प्रत्येक ठिणगीसाठी एकदा उघडतात. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला दोन ठिणग्या. सरासरी ५० किमी वेग आणि मिनिटाला २५०० फेऱ्या धरल्या तर एक लाख किलोमीटरमध्ये ६० कोटी वेळा उघडझाप होते. पॉइंट अधूनमधून बदलले जातात, पण ज्या शाफ्टवर हे घडते त्याचे बुश कोणी बदलत नाही. ते झिजले की शाफ्ट डुगडुगतो आणि साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असलेली पॉइंटची फट दर ठिणगीला वेगळी पडते. नवा पॉइंट टाकूनही दोन दिवसांत गाडी पुन्हा मिसिंग मारते ती यामुळे. शाफ्ट बोटाने आडवा हलवून पाहिला तरी हे समजते.

गाडी थंड असताना गुणी आणि तासगावहून सांगली गाठेपर्यंत बिघडत असेल तर कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइलवर संशय घ्यावा. दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर साळसूद होतात, म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दोष दिसत नाही. जुन्या वायरींचा करंट कुठे गळतो हे रात्री अंधारात बॉनेट उघडले की निळ्या ठिणग्यांनी दिसते.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतील तर कॉम्प्रेशन मोजायचे. एखाद्या सिलिंडरचे कमी आले तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह जळालेला किंवा टॅपेट जास्त आवळलेले. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे एकदम कमी असेल तर हेड गॅस्केट त्यांच्या मधोमध गेले आहे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, पॉइंट, कॉइल सगळे एकदम बदलले तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही आणि बिल मात्र सगळ्याचे येते.

सांगलीत नाव कसे आले?

विश्रामबागचे कॉलेज धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये ‘न्यू इंजिनीअरिंग कॉलेज’ म्हणून सुरू झाले. कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या तेच हे वर्ष. वालचंद यांच्या निधनानंतर त्यांच्या उद्योगसमूहाचे पाठबळ कॉलेजला मिळाले आणि त्याला त्यांचे नाव दिले गेले. विशाखापट्टणमच्या कारखान्यातले पहिले जहाज ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, ते वालचंद यांच्या हयातीतच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र पंधरा वर्षांनंतर आरटीओकडे फेरनोंदणी करून अजूनही चालवता येते, अर्थात मिसिंग काढून.