हाफिज अली खाँ आणि आमच्या माडीवरचे सरोद

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्करात, पाटणकर बाजारात होते. उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांविषयी लिहायला बसलो की मला आधी त्या घराच्या माडीवरचा तापलेल्या राळेचा वास आठवतो. १९७१ च्या उन्हाळ्यात माझे काका तिथे आजोबांसाठी विजेवर वाजणारे सरोद तयार करीत होते. आजोबांना ऐकू येईनासे झाले होते. जन्मभर हौसेने वाजविलेले वाद्य मांडीवर घेऊन ते बसत, जवा तारेवर मारीत आणि वाकून कातड्याला कान लावीत. काकांना ते पाहवेना. आजोबांना मात्र हा खटाटोप पसंत नव्हता. ते खाँसाहेबांचे शिष्य नव्हेत, नुसते श्रोते. पण हे त्यांना चालेल का, हीच त्यांची एक शंका.

खाँसाहेबांचा जन्म १८८८ साली ग्वाल्हेरचाच. वडील नन्हे खाँ, आजोबा गुलाम अली खाँ. पणजोबा गुलाम बंदगी खाँ बंगश हे अफगाण रबाबवादक. रबाबाला तांतीच्या तारा आणि लाकडी पट्टी. आवाज तुटक, ठोसर, लांबत नाही. गुलाम अली खाँनी त्या पट्टीवर धातूचा पत्रा बसविला, तांत काढून धातूच्या तारा चढविल्या आणि रबाबाचे सरोद झाले, असे हे घराणे सांगते. दुसरी घराणी हेच श्रेय नियामतुल्ला खाँना देतात. भांडण जुने आहे, त्यात मी पडत नाही. एवढे खरे की पत्र्यावरून नख सरकू लागले आणि जी मींड रबाबाला साधत नव्हती ती सरोदला साधली.

घरच्या तालमीवर खाँसाहेब थांबले नाहीत. वृंदावनला गणेशीलाल चौबे यांच्याकडे ते धृपद शिकले. पुढे रामपूरला बीनकार वजीर खाँ यांचे शिष्य झाले. तिथलेच दुसरे शिष्य मैहरचे अल्लाउद्दीन खाँ. या अल्लाउद्दीन खाँच्या बंधूंनी, आयेत अली खाँनी, भावाच्या सल्ल्याने सरोदचा भोपळा मोठा व गोल केला. म्हणजे घरच्या माणसासाठी वाद्याची मोडतोड करणारे आमचे काकाच पहिले नव्हेत!

शिंद्यांच्या दरबारात खाँसाहेबांना मान होता. पाश्चात्त्य चाली ते सरोदवर सहज वाजवीत. कलकत्त्याच्या मैफलींत ‘वंदे मातरम्’ आणि इंग्रजांचे राजगीत ही दोन्ही त्यांच्याकडून ऐकायला लोक उत्सुक असत. एकाच माणसाने एकाच तारेवर ही दोन्ही वाजवावीत याचे आज नवल वाटेल. दरबारी कलावंताला तेव्हा दोन्ही बाजू सांभाळाव्या लागत. त्यांचा खरा गुण म्हणजे हाताचा गोडवा. लोकांनी त्यांना ‘आफताब-ए-सरोद’ म्हटले ते त्यासाठी. संस्थाने गेल्यावर उतारवयात ते दिल्लीला भारतीय कला केंद्रात गेले. १९६० साली पद्मभूषण मिळाले तेव्हा त्यांनी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांकडे स्वतःसाठी काही न मागता दरबारी रागाची शुद्धता राखली जावी एवढीच विनंती केली, असे सांगतात. राष्ट्रपतींच्या हाती राग कुठले! पण ही गोष्ट आजोबा हसून सांगत नसत. जो माणूस एका स्वराच्या आंदोलनासाठी राष्ट्रपतींपुढे उभा राहतो, त्याच्या वाद्याला आपण वायर जोडावी का, हे त्यांचे कोडे होते. काका म्हणत की त्यांच्या आजोबांनी पत्रा ठोकला, मी वायर जोडतो. रागाला कुणी हात लावलेला नाही.

काकांनी टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधले लोहचुंबक व तारेचे वेटोळे काढले, तारांखाली बसविले आणि वायर रेडिओच्या मागच्या पिकअपच्या भोकांत खोचली. मी बॅटरी धरून उभा. पहिल्या दोन तारा खणखणीत बोलल्या. खर्जाच्या तारा मात्र मुक्या! वरच्या तारा पोलादी, खालच्या ब्राँझच्या. लोहचुंबकापाशी पोलाद हलले तरच वेटोळ्यात वीज निर्माण होते, ब्राँझचे त्याला काही नाही. आणि दरबारी तर खर्जाचा राग. महिनाभराने काकांनी ग्रामोफोनच्या क्रिस्टल पिकअपचा तुकडा घोडीच्या पायाशी चिकटविला. घोडीचे कंपनच उचलले जात असल्याने तार कशाची आहे हा प्रश्न उरला नाही. आवाज थोडा घोगरा होता, रेडिओ मधूनच गुणगुणे; पण त्या दिवशी आजोबांनी दोन तास सरोद खाली ठेवले नाही.

१९७२ साली खाँसाहेब दिल्लीत वारले. अल्लाउद्दीन खाँही त्याच वर्षी गेले. धाकटे चिरंजीव अमजद अली तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. जीवाजीगंजातल्या त्यांच्या जुन्या घरात पुढे ‘सरोद घर’ हे वाद्यांचे संग्रहालय झाले.

बातमी आली त्या संध्याकाळी आजोबांनी वायर काढून गुंडाळून ठेवली, सरोद मांडीवर घेतले आणि कातड्याला कान लावून खर्ज छेडीत बसले. काकांनी खुणेने विचारले, ऐकू येते का? त्यांनी मान हलवून नाही म्हटले आणि वाजवीत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच वायर पुन्हा जोडली.