दातांच्या थ्रीडी एक्स-रेमागचा माणूस : विल्हेल्म रॉन्टगेन

माझी खालची अक्कलदाढ आडवी वाढलीय. साध्या एक्स-रेमध्ये तिचं मूळ जबड्यातल्या नसेवर चढलेलं दिसत होतं. ही नस दुखावली तर खालचा ओठ बधिर होऊ शकतो, म्हणून डेंटिस्टने सीबीसीटी काढायला सांगितलं. मशीन डोक्याभोवती फिरून थांबलं आणि स्क्रीनवर माझा जबडा हवा तिथे कापून बघता आला. मूळ नसेच्या बाजूला होतं, मध्ये हाडाचा पातळ थर. यामागचं सॉफ्टवेअर कसं चालतं ते घरी येऊन शोधायला बसलो आणि पोचलो थेट १८९५ मध्ये.

विल्हेल्म रॉन्टगेनचा जन्म २७ मार्च १८४५ चा, आजच्या जर्मनीतल्या लेनेप गावातला. तो लहान असतानाच घरचे नेदरलँड्सला गेले. उट्रेख्तच्या शाळेत कुणीतरी मास्तरांचं व्यंगचित्र काढलं. कुणी काढलं ते याला माहीत होतं, पण सांगितलं नाही, आणि शाळेने यालाच काढून टाकलं. शाळा संपल्याचं सर्टिफिकेट नाही, म्हणून झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. (हो, आपल्यातलाच!) पुढे फिजिक्सकडे वळल्यावर व्युर्झबर्ग विद्यापीठाने त्याच सर्टिफिकेटपायी त्याला शिकवायचा अधिकार नाकारला. १८८८ मध्ये तिथेच तो प्रोफेसर म्हणून परत आला.

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी रॉन्टगेन लॅबमध्ये एकटेच होते. विजेची नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली, तरी थोडं लांब असलेला रसायन लावलेला पडदा चमकत होता. पुढचे काही आठवडे त्यांनी लॅब जवळपास सोडलीच नाही. २२ डिसेंबरला बायको बर्था हिच्या हाताचा फोटो घेतला: हाडं आणि बोटातली अंगठी. सहा दिवसांनी पेपर सादर केला. किरण कसले ते कळत नव्हतं, म्हणून नाव दिलं एक्स.

आता मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट. त्यांनी पेटंट घेतलं नाही. शोध सगळ्यांचा आहे, ज्याला वापरायचा त्याने वापरावा, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या भाषेत ओपन सोर्स. जानेवारी १८९६ मध्येच जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे डेंटिस्ट ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी तब्बल २५ मिनिटं किरण अंगावर घेतले! तेव्हा धोका कुणालाच ठाऊक नव्हता.

पण बर्थाचा हात काय, वॉल्कहॉफचे दात काय, ती शेवटी सावलीच. पुढचं-मागचं सगळं एकावर एक. माझी दाढ आणि नस तशीच एकमेकांवर दिसत होती. सीबीसीटी वेगळे किरण वापरत नाही. शंकूसारखा पसरणारा झोत डोक्याभोवती फिरवून वेगवेगळ्या कोनांतून शेकडो सावल्या घेतो आणि कॉम्प्युटर त्यांवरून उलटं गणित करून प्रत्येक बारीक ठोकळ्याची घनता काढतो. ठोकळा अनेकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही छोटा. इम्प्लांट बसवण्याआधी हाडाची रुंदी मोजायला, रूट कॅनलमध्ये चुकलेली नळी शोधायला डेंटिस्ट हेच वापरतात. डोस मात्र एका दाताच्या साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे प्रत्येक किडलेल्या दातासाठी हा स्कॅन काढायचा नसतो. कुणी सहज काढा म्हणालं तर कशासाठी, हे जरूर विचारा.

१९०१ मध्ये फिजिक्सचं पहिलंवहिलं नोबेल रॉन्टगेनना मिळालं. बक्षिसाचे पैसे त्यांनी विद्यापीठाला दिले. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत त्यांची बचत बुडाली. १९१९ मध्ये बर्था गेली. १० फेब्रुवारी १९२३ ला म्युनिकमध्ये आतड्याच्या कॅन्सरने त्यांचा मृत्यू झाला. आपली पत्रं आणि प्रयोगांचे कागद नष्ट करावेत असं त्यांनी मागे लिहून ठेवलं होतं, आणि तसंच करण्यात आलं.