राणी केतेवान : जुन्या गोव्यात विसावलेली जॉर्जियाची हुतात्मा

डिसेंबरात सायबाच्या फेस्ताला आपण जुन्या गोव्याला जातो, तेव्हा मोंते सांतो टेकडीवर अर्धा कोसळलेला एक उंच मनोरा दिसतो. संत ऑगस्टीनच्या संघाचे ते चर्च. बस सुटेल या घाईत तिकडे फारसे कोणी वळत नाही. त्या पडक्या भिंतींत पावणेचारशे वर्षे एका राणीच्या हाताचे हाड पडून होते.

तिचे नाव केतेवान. जॉर्जिया हा आर्मेनियाच्या शेजारचा डोंगराळ देश. दोन्ही राष्ट्रे चौथ्या शतकापासून ख्रिस्ती. पण एका अंगाला तुर्कांचे साम्राज्य आणि दुसऱ्या अंगाला इराण, या जात्यात ती भरडली गेली. तुर्कांच्या हाती काही लागू नये म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये जुल्फा हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचे शहर ओस पाडले आणि तिथली माणसे इस्फहानकडे हाकलत नेली. मग जॉर्जियाची पाळी आली.

केतेवान ही पूर्व जॉर्जियातील काखेती राजघराण्याची सून. तिचा पती दाविद १६०२ मध्ये वारला. तिचा दीर कॉन्स्टन्टीन शाहच्या दरबारात वाढून मुसलमान झाला होता. १६०५ मध्ये शाहच्या इशाऱ्यावर त्याने स्वतःच्या बापाला व भावाला मारून गादी बळकावली. तेव्हा या विधवेने सरदारांना गोळा केले आणि लढाई दिली. दीर त्यात मारला गेला. संतांच्या तसबिरी पाहून आपल्याला वाटते की हुतात्मे जन्मतःच हात जोडून उभे असतात. ही बाई तशी नव्हती. मुलगा तैमुराझ गादीवर बसल्यावर तो लहान होता तोवर कारभारही तिनेच पाहिला.

पुढे शाहने ओलीस मागितले. तैमुराझने आपले दोन मुलगे आणि आई त्याच्या हवाली केली. आई तहाची बोलणी करायला गेली, ती परतलीच नाही. शाहने १६१४ मध्ये स्वारी केलीच. पुढच्या दोन-तीन वर्षांत काखेती उजाड झाले आणि हजारो कुटुंबे इराणात नेली गेली. मुलगा मात्र लढत राहिला. प्रत्येक बंडाची किंमत शिराझमध्ये कैदेत असलेल्या आईला मोजावी लागणार, हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. दोन्ही नातवांना शाहने खच्ची केले; ती पोरे त्यातून सावरली नाहीत.

केतेवान दहा वर्षे शिराझमध्ये होती. तिथला सुभेदार इमाम कुली खान स्वतः जॉर्जियन वंशाचा. त्याच्याच फौजेने इंग्रजांच्या मदतीने १६२२ मध्ये पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेतले होते. तरीही शिराझमध्ये ऑगस्टीन संघाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंना राहू दिले होते. सप्टेंबर १६२४ मध्ये शाहचा हुकूम आला : धर्म बदल, नाहीतर मरण. तिने नकार दिला. तापवून लाल केलेल्या सांडशींनी छळ करून तिला मारण्यात आले.

धर्मगुरूंनी तिचे अवशेष गुपचूप काढून जपले. १६२७ मध्ये त्यांतील काही गोव्यास आले, काही १६२८ मध्ये तैमुराझला पोचवले गेले. यात निव्वळ भक्तीच होती असे मी म्हणणार नाही. त्या अवशेषांमुळे धर्मगुरूंना जॉर्जियाचे दार उघडले. केतेवान ऑर्थोडॉक्स होती आणि त्या ख्रिस्तसभेने तिला संत मानले. तैमुराझ कवी होता. आईच्या मरणावर त्याने दीर्घकाव्य लिहिले.

१८३५ मध्ये गोव्यातले मठ बंद झाले, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. अवशेष दगडी पेटीत, मठाच्या सभागृहातील एका खिडकीपाशी ठेवले होते, असे जुन्या पोर्तुगीज कागदांत होते. त्या आधारे पुरातत्त्व खात्याने ढिगारे उपसले आणि २००४ मध्ये हाताचे हाड सापडले. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने डीएनए तपासला : वंशखूण भारतीयांत न आढळणारी, जॉर्जियात मात्र आढळणारी. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या स्वाधीन केला.