गॅरी गायगॅक्स: लेव्हल, एचपी आणि एक्सपीचा हिशोब बसवणारा माणूस

फोनवरचा कुठलाही आरपीजी गेम उघडा. एचपीची लाल पट्टी असते, एक्सपी जमत असतो, लेव्हल चढत असते. योद्धा दणकट असतो पण त्याला जादू येत नाही. जादूगार एका मंत्रात सात-आठ शत्रू जाळतो, पण स्वतः दोन फटक्यांत आडवा होतो. याची आपल्याला इतकी सवय झालीये, की हे कुणीतरी बसून ठरवलं असेल असं डोक्यातही येत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सुट्टीच्या दिवशी एक छोटा गेम बनवत होतो आणि आकडे सारखे गंडत होते. कधी जादूगाराला कुणी हरवूच शकत नव्हतं, तर कधी पहिल्याच राक्षसापाशी गेम ओव्हर. मग हे आकडे मुळात आले कुठून ते शोधत गेलो आणि पोहोचलो एका विमा कर्मचाऱ्यापाशी.

जोखीम मोजायची नोकरी

गॅरी गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. गॅरी आठ वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात आलं. शाळा त्याने मधेच सोडली. पुढे शिकागोत विमा अंडररायटर झाला. म्हणजे ग्राहकाची जोखीम किती आणि त्याला प्रीमियम किती लावायचा, हे ठरवायचं काम.

फावल्या वेळात तो टेबलावर छोटे सैनिक मांडून युद्धाचे खेळ खेळायचा. १९६८ मध्ये त्याने गावातला एक हॉल घेऊन अशा खेळाडूंचं संमेलन भरवलं. तेच पुढे जेन कॉन म्हणून प्रसिद्ध झालं. १९७० मध्ये नोकरी गेली. घरी बायको-मुलं होती, म्हणून तो घरातच बूट दुरुस्त करून चार पैसे मिळवू लागला आणि उरलेल्या वेळात नियम लिहू लागला. १९७१ मध्ये जेफ पेरेनबरोबर त्याने मध्ययुगीन लढायांचे नियम छापले, चेनमेल नावाने. त्याला ड्रॅगन आणि जादूगारांची पुरवणी जोडली होती.

मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन हे नियम वापरून काहीतरी वेगळंच खेळत होता. त्याच्या ब्लॅकमूर या खेळात प्रत्येकाकडे सैन्य नव्हतं, एकच पात्र होतं आणि ते खेळाडूबरोबर वाढत जायचं. १९७२ च्या अखेरीस त्याने हा खेळ गायगॅक्सला दाखवला. पात्राची कल्पना आर्नेसनची. ती कुणालाही खेळता येईल अशा नियमांत बसवायचं काम प्रामुख्याने गायगॅक्सने केलं. १९७३ मध्ये त्याने बालमित्र डॉन केबरोबर टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १,००० प्रती निघाल्या, किंमत १० डॉलर.

प्रत्येक ताकदीला किंमत

या खेळात ताकद, बुद्धी, चपळाई असे सहा गुण होते. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे. तीन फाशांच्या एकूण २१६ शक्यता असतात. त्यात १८ फक्त एकदाच येतो, तर १० आणि ११ प्रत्येकी २७ वेळा. म्हणजे बहुतेक पात्रं साधारणच निघणार आणि एखादंच असामान्य. फटका लागला की नाही, हे मात्र वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. त्यात प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. म्हणून तिथे +१ मिळाला की संधी साधारण ५ टक्क्यांनी वाढते.

आता जादूगार बघा. पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे एकच मंत्र, चिलखत नाही, हातात जेमतेम खंजीर. दुसऱ्या लेव्हलला जायला योद्ध्याला २,००० पॉइंट्स लागायचे, जादूगाराला २,५००. पण पाचव्या लेव्हलला त्याला आगीचा गोळा मिळायचा आणि जितकी लेव्हल तितके फासे नुकसान व्हायचं. म्हणजे पाचव्या लेव्हलला सरासरी १७.५, दहाव्याला ३५. आधी सोसायचं आणि मग वसूल करायचं! दोन्ही पात्रं प्रत्येक क्षणी सारखी नव्हती. हिशोब संपूर्ण प्रवासात बसवायचा होता. माझी चूक इथेच होत होती, मी प्रत्येक लढाईत दोघांना सारखं करायला बघत होतो.

अवघडपणा खेळाडूच्या हातात

गेम सुरू करताना आपण इझी किंवा हार्ड निवडतो. गायगॅक्सच्या खेळात ते काम जिना करायचा. भुयाराचा मजला जितका खोल, तितके राक्षस भयंकर आणि खजिना मोठा. उतरायचं की परत फिरायचं, हे खेळाडूने ठरवायचं. वरच्याच मजल्यावर सोपे राक्षस मारत बसून लेव्हल वाढवायची सोयही नव्हती. आठव्या लेव्हलचा जादूगार पाचव्या मजल्यावर फिरला, तर त्याला पाच अष्टमांशच पॉइंट्स मिळायचे. ग्राइंडिंगवरचा हा उपाय १९७४ चा आहे.

चुकाही झाल्या. सुरुवातीला राक्षसाच्या प्रत्येक लेव्हलमागे १०० पॉइंट्स होते. ते फार होतात हे खेळताना कळलं आणि १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत आकडे बरेच खाली आणले. आजच्या भाषेत पॅच! त्याच वर्षी ओरिजिन्स संमेलनात त्याने टोम्ब ऑफ हॉरर्स हे साहस खेळवलं. त्यात राक्षस थोडे, सापळे जास्त. तगड्या पात्रांचे आकडे तिथे फारसे उपयोगी पडत नव्हते, खेळाडूला स्वतःचं डोकं चालवावं लागत होतं.

स्वतःचा डाव

१९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेला. कंपनीत पैसे घातलेल्या ब्लूम कुटुंबाकडे बहुमताचे शेअर्स गेले. गायगॅक्सचं नाव जगभर झालं, पण कंपनी त्याच्या हातात नव्हती. श्रेय आणि मानधनावरून आर्नेसनने १९७९ मध्ये दावा लावला, तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. १९८५ मध्ये ब्लूम बंधूंचे शेअर्स लॉरेन विल्यम्सकडे गेले. गायगॅक्स कोर्टात हरला आणि १९८६ अखेर स्वतःच काढलेल्या कंपनीतून बाहेर पडला. तो पुढेही नवे खेळ लिहीत राहिला. ४ मार्च २००८ ला लेक जिनिव्हातच गेला.

तोवर त्याचे नियम कॉम्प्युटरमध्ये शिरले होते. १९८१ चा विझर्ड्री त्यातूनच आला. विझर्ड्री आणि अल्टिमा बघून जपानमध्ये १९८६ चा ड्रॅगन क्वेस्ट बनला. फोनवरच्या आरपीजींचं घराणं हेच.

फक्त एक गोष्ट बदलली. त्याच्या खेळात ताकदीची किंमत धोका पत्करून द्यावी लागायची. आज बऱ्याच फुकट गेम्समध्ये ती कार्डाने देता येते. मग पुढचा टप्पा मुद्दाम अवघड केला जातो, म्हणजे तुम्ही पैसे काढाल. पुढच्या वेळी एखाद्या टप्प्यावर अडकलात तर बघा: तुमचं डोकं कमी पडतंय, की पाकीट?

माझ्या गेममध्ये मी जादूगाराचा मंत्र तसाच ठेवला, सुरुवातीचे एचपी कमी केले आणि खाली जायचा जिना पहिल्यापासून उघडा ठेवला. आकडे अजून पूर्ण जुळलेले नाहीत, पण आता मित्र हरले तरी पुन्हा खेळायला मागतात.