मार्गारेट विल्सन: आधी मराठी, मग शाळा

बासरच्या सरस्वतीपुढे लहान मुलांचा अक्षराभ्यास होतो. मार्गारेट विल्सन मराठी मुळाक्षरं गिरवायला बसल्या, तेव्हा मात्र त्या ३३ वर्षांच्या होत्या.

स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकशी नातं असलेल्या एका धर्मोपदेशकाच्या घरात १७९५ मध्ये त्या जन्मल्या. १८२८ मध्ये जॉन विल्सन यांच्याशी लग्न झालं आणि लगेच दोघं जहाजात बसले. फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरले. मुंबईत इंग्रजीवर भागलं असतं. पण भाषा शिकायला हे जोडपं कोकणात, बाणकोट-हर्णैला गेलं. घर नवं, हवा दमट, भोवती कुणी आपल्या बोलीचं नाही. अशात रोजचा धडा चुकवायचा नाही.

वर्ष सरायच्या आत दोघं मुंबईला परतले. जॉन मराठीत प्रवचन करू लागले, तर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. मुलीला शाळेत धाडायला तेव्हा फार थोडी घरं तयार असत. आईचं मन वळवायचं, तर तिच्याच भाषेत बोलायला हवं. कोकणातले ते महिने इथे कामी आले.

१९ एप्रिल १८३५ रोजी, अवघ्या ३९व्या वर्षी, त्या मुंबईतच गेल्या. जॉन पुढे १८७५ पर्यंत इथेच राहिले. त्यांचं नाव विल्सन कॉलेजमुळे सगळ्यांना माहीत आहे. मार्गारेटबाईंचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेत मुली शिकल्या, त्याची सुरुवात या बाईंनी केली. भारतात त्यांना मिळाली जेमतेम सहा वर्षं, आणि त्यातलं पहिलं गेलं मराठी शिकण्यात. ते वाया गेलं असं कोण म्हणेल?