थॉमस बेकेट

राजसत्ता श्रेष्ठ कीं धर्मसत्ता, हा वाद मध्ययुगीन युरोपांत शतकानुशतकें चालला. त्यांत प्राणांस मुकलेल्या एका पुरुषाची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

थॉमस बेकेट हा लंडनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. कर्तबगारीच्या जोरावर तो सन ११५५ मध्यें दुसऱ्या हेन्री राजाचा चॅन्सेलर व जिवलग मित्र झाला. ख्रिस्ती मंडळी आपल्या मुठींत यावी, या हेतूनें हेन्रीनें ११६२ मध्यें त्यास कँटरबरीचा आर्चबिशप केलें. परंतु ती धुरा स्वीकारतांच बेकेट निराळाच मनुष्य झाला. त्यानें चॅन्सेलरपद सोडलें. गुन्हेगार धर्मगुरूंस राजाच्या न्यायालयाकडून शिक्षा व्हावी, हा हेन्रीचा आग्रह त्यानें मानला नाहीं. ११६४ मध्यें त्यास फ्रान्समध्यें आश्रय घ्यावा लागला. सहा वर्षांनीं तो परतला. तोंच राजाच्या संतापानें चेतलेल्या चार सरदारांनीं २९ डिसेंबर ११७० रोजीं ख्रिस्तमंदिरांतच त्याचा वध केला. ११७३ मध्यें पोपनें त्यास संत ठरविलें. पुढच्याच वर्षीं हेन्रीनें अनवाणी जाऊन त्याच्या थडग्यापाशीं पाठीवर फटके घेतले.

कायदा सर्वांस एकच असावा, हें हेन्रीचें म्हणणें आज आम्हांसहि पटतें. तथापि पत्करलेल्या कर्तव्यापुढें राजाची मैत्री व स्वतःचा जीव तुच्छ मानणाऱ्या बेकेटपुढें आमचें मस्तक नम्र होतें.