लहुजी वस्ताद साळवे : तालमीतला गुरू (चरित्रात्मक निबंध)



मुलांना कुंग फू म्हटलं की लगेच हातपाय हलवायला सुरुवात होते. दक्षिण चीनमधल्या गुरूंनी हालचालींचे ठरावीक क्रम बांधले आणि शिष्य ते वर्षानुवर्षं घोटतात, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण असं शिक्षण आपल्या पुण्यातही होतं, हे मुलांना सांगायला हवं. म्हणून आजचा हा निबंध.

लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1794 रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी, मांग (मातंग) समाजातील एका शूर घराण्यात झाला. वडील राघोजी शस्त्रविद्येत तरबेज होते. दांडपट्टा, तलवार, लाठी हे सगळं लहुजी घरातच शिकले. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली. पेशव्यांच्या बाजूने लढताना राघोजींना वीरमरण आलं. तेव्हा लहुजी होते अवघे 22 वर्षांचे. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. इंग्रजांना घालवायचं तर माणसं तयार करायला हवीत, हे या तरुणाच्या मनाने घेतलं.

त्यांनी पुण्यात गंज पेठेत तालीम चालवली. तिथे कुस्ती, लाठी, तलवार आणि दांडपट्टा शिकवला जाई. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट फारसं वळत नाही. वार निघतो तो खांदा, कंबर आणि पायांतून. म्हणूनच आधी पवित्रा, मग हात. पाय चुकला की पातं आपल्यालाच लागायचं! हे एका दिवसात जमत नाही; रोजचा सरावच लागतो.

पण या तालमीची खरी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांची सावलीसुद्धा लोकांना चालत नव्हती, त्या समाजातला माणूस इथे वस्ताद होता, आणि सगळ्या जातींची मुलं त्याच्यासमोर शिष्य म्हणून उभी राहत. जोतीराव फुले इथेच दांडपट्टा आणि लाठी शिकले, सोबत त्यांचे ब्राह्मण मित्र सदाशिव गोवंडे होते. वासुदेव बळवंत फडके हेही लहुजींचेच शिष्य.

लहुजींना स्वतःला शाळा मिळाली नाही. पण 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली, तर घरोघरी जाऊन आईवडिलांची समजूत घालायला लहुजी पुढे! विचार करा, आयुष्यभर पट्टा फिरवलेला माणूस लोकांना पाटीचं महत्त्व सांगत होता. त्यांच्याच नात्यातली मुक्ता साळवे या शाळेत शिकली. तिने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. निबंध लिहिणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुक्ता माहीत असायलाच हवी.

1878 मध्ये इंग्रजांनी शस्त्रबंदीचा कायदा आणला. 1879 मध्ये फडक्यांनी उठाव केला, पण ते पकडले गेले. म्हाताऱ्या गुरूला हे पाहावं लागलं. 17 फेब्रुवारी 1881 रोजी लहुजींचं निधन झालं. पुण्यात संगमवाडीला त्यांची समाधी आहे.

2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. चांगलंच झालं. पण हे शस्त्र शिकवताना ज्याने कुणाची जात विचारली नाही, त्या वस्तादाचं नाव मुलांना ठाऊक नसेल, तर धडा अर्धाच राहिला.

तर पालकहो, एका रविवारी मुलांना संगमवाडीला घेऊन जा. आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात एवढं जरूर विचारा : शिकवायला बसल्यावर आपण दार कुणाकुणासाठी उघडं ठेवतो?